माझी तार कुणी खाल्ली?

मी एक जुना वायरलेस संच आहे. मित्रांनो, माझं अंग करड्या पत्र्याचं आहे, पोटावर आवाजाची गोल जाळी आहे आणि डाव्या कुशीत एक पोचा आहे. पाठीतून एक काळी तार निघते, ती पूर्वी छपरावरच्या अँटेनापर्यंत जायची. या तारेच्या मधोमध चिकटपट्टीची जाड गाठ तुम्हाला दिसेल. नवा माणूस घरात आला की आधी तिच्याकडेच बोट दाखवतो. माझी गोष्ट त्या गाठीची आहे, पण तिच्यापर्यंत पोचायला थोडं मागे जावं लागेल.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की एका मुलीने मला कानाशी धरून काहीतरी म्हटलं, मान हलवली आणि खोक्यात घातलं. पहिली नोकरी मी शहरातल्या टॅक्सीवाल्यांकडे केली. तिथे मी रस्ते शिकलो आणि शिव्याही शिकलो. पुढे टॅक्सीवाल्यांनी नवे संच घेतले आणि मला अडगळीत टाकलं. तिथे मी धूळ खात पडलो होतो. एके दिवशी वेधशाळेची इनेस आली, तिने माझ्यावर फुंकर मारली आणि म्हणाली, "हा चालेल."

तिने मला निनाउर्कूच्या उतारावर आणलं. निनाउर्कू हा आगीचा डोंगर आहे, पण इथलं कुणी त्याला नावाने हाक मारत नाही. सगळे 'म्हातारी' म्हणतात. राख उडाली की म्हातारी खोकली, आत गडगडलं की म्हातारीने भांडी आपटली. तिच्यावर लक्ष ठेवायला वेधशाळेकडे यंत्रं होती, पण यंत्रांना ढगातलं दिसत नव्हतं आणि ओढ्याच्या पाण्याचा वास घेता येत नव्हता. म्हणून उतारावरच्या घराघरात माझ्यासारखे संच बसवायचं ठरलं. सगळ्यांत वरचं घर सोइलाबाईंचं. माझी नेमणूक तिथे झाली.

इनेसला मला बाहेरच्या खोलीत भिंतीवर लावायचं होतं. सोइलाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तिथे हा कुणाशी बोलणार? संतांच्या तसबिरीशी? मी दिवसभर चुलीपाशी असते. इथेच लावा."

"बाई, स्वयंपाकघरात धूर आहे."

"मीपण धुरातच आहे. मला काय झालंय?"

अशा तऱ्हेने मी स्वयंपाकघरातल्या फळीवर आलो. खाली चूल, चुलीच्या उबेला जमिनीवर गवत पसरलेलं आणि त्या गवतात सोइलाबाईंचे गिनीपिग. या डोंगरात प्रत्येक स्वयंपाकघरात ते असतात. गवत खातात, चूं चूं करतात आणि सणाच्या दिवशी निखाऱ्यावर भाजले जातात. मला ते शेजारी म्हणून बरे वाटले.

इनेस निघताना म्हणाली, "रोज संध्याकाळी आम्ही हाक मारू. म्हातारी काय करतेय तेवढं सांगायचं."

"सांगेन. पण एक आत्ताच सांगून ठेवते," सोइलाबाई म्हणाल्या. "या डब्यातून कुणी 'ऊठ आणि चालायला लाग' म्हणालं, तर मी उठणार नाही. एकदा उठले होते."

ती गोष्ट मला नंतर कळली. मी येण्याआधी म्हातारी एकदा भडकली, तेव्हा सैनिकांनी सगळ्यांना ट्रकमध्ये घालून खाली नेलं होतं. गुरं मागेच राहिली. कित्येक महिन्यांनी लोक परत आले, तर घरं उभी होती आणि गोठे रिकामे होते. गुरं डोंगराने खाल्ली नव्हती, ती माणसांनी पळवली होती. सोइलाबाईंच्या सगळ्या गाई गेल्या. मग त्या खालच्या गावात लोकांचे कपडे धूत राहिल्या आणि एक एक करत पुन्हा दोन गाई त्यांनी जोडल्या. एकीचं नाव पालोमा. दुसरी पिवळट रंगाची होती, तिला ग्रिंगा, म्हणजे गोरी परदेशी बाई, म्हणत. या दोघींना सोडून त्या पुन्हा कुठेही जाणार नव्हत्या. इनेसने वाद घातला नाही. ती सातूच्या पिठाची पेज प्यायली आणि गेली. मला मात्र तेव्हापासून काळजी लागली, की खरंच म्हातारी भडकली आणि मी ओरडलो, तर ही बाई माझं ऐकेल का?

मित्रांनो, आमचं काम साधं होतं, पण ते रोज करावं लागे. समोरच्या टेकडीवर आमचा थोरला भाऊ उभा होता, रिपीटर. आमचे आवाज दऱ्याखोऱ्यांत अडकत, तो ते झेलायचा आणि सगळीकडे पोचवायचा. राख पडली की त्याचं सोलर पॅनल झाकलं जाई आणि तो मुका होई. मग सगळा उतार फडकी आणि झाडू घेऊन टेकडी चढायचा. अशा मिळून करायच्या कामाला इथे मिंगा म्हणतात. बायका राख पुसत, पुरुष कुंपण नीट करत आणि मग सगळे तिथेच बसून उकडलेला मका नि चीज खात. महिन्यातल्या एका रविवारी कवायत होई. थोरल्या भावाची वाट कुणी अडवली किंवा तो पडला, तर सगळ्यांनी आपल्या संचाचं बटण एक घर पुढे फिरवायचं. तिथे आम्ही एकमेकांशी थेट बोलू शकत होतो, आवाज बारीक यायचा तरी. आबेलदादा या कवायतीवर दर वेळी कुरकुरायचा.

आबेलदादा खालच्या वळणावर राहायचा. बायको गेल्यापासून एकटाच. खाली जाणाऱ्या रस्त्यावर नदीचा पूल होता, त्याच्याजवळ एदुविनाचं दुकान होतं, तिथेही एक संच होता. संध्याकाळी इनेस एकेका ठाण्याला हाक मारी. आधी म्हातारीची खबर आणि मग, कुणी सुरू केलं देव जाणे, पण प्रत्येक जण आज चुलीवर काय आहे ते सांगे.

"आबेलदादा, आज काय?"

"बटाटे."

"आणि काल?"

"काल वेगळे बटाटे होते."

"दादा, लग्न करा हो!" एदुविना ओरडायची. "नाहीतर मातीतून कोंब फुटेल तुम्हाला."

"तू देतेस का शोधून? पण तुझ्यासारखी बोलकी नको. मला झोप लागते म्हणून मी जिवंत आहे."

राजधानीतून एकदा ताकीद आली, की ही यंत्रणा जीव वाचवण्यासाठी आहे, भाजीची चर्चा करण्यासाठी नाही. ताकीद चुकीची नव्हती. रेंगाळलेल्या गप्पांत एखादी खरी हाक बुडाली असती, तर कुणाला तोंड दाखवलं असतं? इनेसने मग नियम केला. खबर आधी, चूल नंतर, आणि कुणीही 'म्हातारी!' म्हटलं की सगळ्यांनी तोंड मिटायचं. तो नियम एदुविनानेही पाळला आणि यापेक्षा मोठी साक्ष मी देऊ शकत नाही.

आता गाठीकडे येऊ. सोइलाबाईंच्या गिनीपिगांत एक जाडजूड नर होता. अंगावर तपकिरी-पांढरा पट्टा असा, की जणू खांद्यावरून पोंचो, म्हणजे इथली घोंगडी, घेतलाय, म्हणून त्याचं नाव पोंचो. तो संत पेद्रोच्या सणाला भाजायचा, हे ठरलेलं होतं. माझी तार फळीवरून खाली लोंबत होती. पोंचोला ती गवतापेक्षा चवदार वाटली असावी. त्या संध्याकाळी इनेसने हाक मारली, सोइलाबाईंनी बटण दाबून खबर दिली आणि ती या घराच्या बाहेर गेलीच नाही. इनेस पुन्हा पुन्हा हाक मारत होती. मला क्षीण ऐकू येत होतं, पण माझा आवाज जात नव्हता. मित्रांनो, हाक ऐकू यावी आणि ओ देता येऊ नये, याहून मोठं दुःख आमच्या जातीला नाही.

ज्या ठाण्याची ओ आली नाही, तिथे शेजारच्याने उजाडताच जाऊन बघायचं, असा रिवाज होता. आबेलदादा पहाटे धापा टाकत चढून आला. सोइलाबाई दारातच दूध काढत होत्या.

"जिवंत आहेस?"

"नाही, भूत गाय पिळतंय. काय झालं?"

त्याने आत येऊन माझी तार हातात घेतली. ती कुरतडलेली होती आणि पोंचो तिच्या शेजारी बसून तोंड हलवत होता. आबेलदादा इतका हसला, की त्याला जमिनीवर बसावं लागलं. सोइलाबाईंनी पोंचोच्या दिशेने पळी भिरकावली. ती त्याला लागली नाही, मला लागली. कुशीतला पोचा तिचा.

तार जोडली गेली, चिकटपट्टीची गाठ बसली आणि पुढचा भाग पोकळ बांबूत घातला. त्या दिवसापासून संध्याकाळच्या हाकेत एक प्रश्न वाढला, पोंचो भाजला का? संत पेद्रोचा सण आला, सोइलाबाई म्हणाल्या, जरा बारीक वाटतोय. मृतांचा सण आला, म्हणाल्या, थंडीत कोण भाजतंय. नाताळ आला, म्हणाल्या, विचारू नका हो, त्याला आता नाव आहे! सगळा उतार हसला. पोंचो चुलीपाशी म्हातारा होत गेला.

एके वर्षी उन्हाळ्यात पलीकडच्या ओसाड शाळेतला संच चोरीला गेला. त्या गुन्ह्याचा अर्थ इनेसला लगेच कळला. ज्याच्याकडे आमचा आवाज आहे, तो आमच्या नावाने काहीही बोलू शकतो. तिने ठाण्याठाण्यावर स्वतः जाऊन एक गुप्त शब्द कानात सांगितला. घर सोडण्याचा हुकूम त्या शब्दाने सुरू झाला तरच खरा मानायचा.

शब्द होता 'काळा मका'. पण मित्रांनो, आमची माणसं! सोइलाबाईंनी तो आपल्या कॉम्पाद्रेला सांगितला, म्हणजे ज्याच्या लेकराला त्यांनी बाप्तिस्म्याला हातावर धरलं होतं त्याला. जिवाचं नातं आहे, त्याला डोंगरावर अंधारात कसं ठेवायचं? आबेलदादाने मेव्हणीला सांगितला. एदुविनाने दुकानात फक्त विश्वासू गिऱ्हाइकांना सांगितला आणि तिची सगळीच गिऱ्हाइकं विश्वासू होती. रविवारच्या बाजारात पाववाली बाई एका अनोळखी माणसाला समजावून सांगताना दिसली, की हा शब्द अगदी गुप्त आहे बरं. हे सगळं प्रेमापोटी झालं, म्हणून रागावताही येत नाही.

मग ती दुपार आली. डोंगर ढगात बुडाला होता, हाताच्या अंतरावरचं कुंपण दिसत नव्हतं. काही दिवस म्हातारी भांडी आपटतच होती. अचानक माझ्या पोटातून एक पुरुषी आवाज निघाला.

"काळा मका. काळा मका. सर्व ठाण्यांनी ऐका. वेधशाळेतून बोलतोय. डोंगर फुटतोय. ताबडतोब घरं सोडा. जनावरं मागे ठेवा, त्यांच्यासाठी थांबू नका. पुलाच्या रस्त्याने खाली या. ओव्हर."

सोइलाबाईंच्या हातातलं बटाट्याचं भांडं तसंच राहिलं. त्यांनी दाराबाहेर बघितलं. पालोमा आणि ग्रिंगा धुक्यात उभ्या होत्या, फक्त त्यांचे श्वास दिसत होते. हुकूम खरा असेल तर प्रत्येक क्षण जिवावरचा होता. खोटा असेल तर त्यांचं उभं आयुष्य दुसऱ्यांदा कुणाच्या तरी ट्रकमध्ये चढणार होतं. शब्द तर बरोबर होता. माझ्याकडे सांगायला दुसरं काहीच नव्हतं. माझ्या पोटात येणारा आवाज चोराचा की सावाचा, हे मला ओळखता येत नाही. मी फक्त पोचवतो. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

सोइलाबाईंनी भांडं खाली ठेवलं. त्यांची नजर गवतावर गेली, तिथे पोंचो डोळे मिटून बसला होता. त्यांनी माझं बटण दाबलं.

"वरचं ठाणं बोलतंय. निघते हो साहेब. पण आधी एवढं सांगा, माझी तार कुणी खाल्ली?"



"काय? बाई, वेळ नाहीये. निघा!"

"निघते. तार कुणी खाल्ली?"

"उंदरांनी खाल्ली असेल! मला काय माहीत? जीव प्यारा असेल तर निघा!"

मग थोरल्या भावाच्या वाटेवरून आबेलदादाचा आवाज आला. तो धापा टाकत होता, बहुतेक अर्ध्या अंगणातून धावत परत आला होता. "आणि खाणाऱ्याचं पुढे काय झालं, साहेब?"

"मारलं असेल! खाल्लं असेल! तुम्ही वेडे आहात का सगळे?"

आणि मित्रांनो, एका ठाण्यावर कुणीतरी हसलं. मग दुसऱ्यावर. भीतीने गोठलेल्या त्या उतारावर हसू पसरलं आणि सगळ्यांना एकदमच कळलं, की हा आपला नाही. आपल्यातल्या प्रत्येकाने पोंचोबद्दल सणासणाला विचारणा केली होती.

चोर चिडला. त्याने आपलं बटण दाबून धरलं, म्हणजे थोरल्या भावाची वाट अडली आणि आमच्या कानात नुसती खरखर भरली. पण रविवारच्या कवायती अंगात मुरल्या होत्या. सोइलाबाईंनी माझं बटण एक घर पुढे फिरवलं आणि खरखर थांबली. तिथे आबेलदादा आधीच हजर होता, एदुविनाही. दरीपलीकडून इनेसचा आवाज आला, फार बारीक.

"सोइलाबाई, ऐकू येतंय का? तो हुकूम आमचा नाही."

"आधी तूही सांग, पोरी. तार कुणी खाल्ली?"

"पोंचोने! आणि तुम्ही त्याला अजून भाजलेलं नाही, आणि भाजणारही नाही. कालच त्याला खुर्चीवरची उशी दिलीत!"

सोइलाबाई मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होतो. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बोल आता, तुझं ऐकते."

पुलाजवळून एदुविना ओरडली, "अगं, माझ्या दुकानासमोर दोन रिकामे ट्रक उभे आहेत! आणि पुढच्या ट्रकात एक जण हातातल्या डब्याला शिव्या देतोय!" तिने नवऱ्याला भाजीची गाडी पुलावर आडवी लावायला लावली. इनेसने बोलावलेले पोलीस येईपर्यंत ती ट्रकवाल्यांना पाव विकत होती.

या गोष्टीचा उरलेला भाग हसण्याचा नाही. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी ओढ्याचं पाणी गढूळ आणि कोमट झालं. सोइलाबाईंनी खबर दिली. थोड्याच वेळात माझ्या पोटातून इनेसचा आवाज आला. तो नेहमीसारखा नव्हता.

"सोइलाबाई. पोंचोला घेऊन खाली या. गाईंनाही आणा, अजून वेळ आहे. पण आत्ताच निघा."

ज्या बाईने मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की या डब्याचं ऐकून मी उठणार नाही, ती उठली. काही विचारलं नाही. पोंचोला ओच्यात घातलं, माझी तार सोडवून तिच्यासकट मला शालीत गुंडाळलं आणि गाईंची दावी हातात घेतली. चुलीवर भांडं तसंच राहिलं. वाटेत आबेलदादा मिळाला, खांद्यावर बटाट्याचं पोतं घेऊन. संध्याकाळी म्हातारी फुटली. पहाटेपर्यंत आमच्या स्वयंपाकघराचं छप्पर राखेखाली बसलं होतं. पण त्याआधी, त्या संध्याकाळीच, उतारावरच्या सगळ्या ठाण्यांची नावं इनेसने खाली, चर्चच्या आवारात घेतली आणि प्रत्येक नावाला ओ आली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुंदर संध्याकाळ.

आता मी निवृत्त आहे. सोइलाबाईंचं नवं घर खाली, नदीच्या अलीकडे आहे, ठाण्याचं नाव मात्र 'वरचं'च राहिलं आहे, आणि मी तिथल्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असतो. खालच्या फळीवर नवा संच आहे. त्याच्या पोटात म्हणे आवाज कुलूपबंद होऊन जातो आणि किल्ल्या आपोआप बदलतात. ते फार चांगलं आहे, मला त्याचा हेवा वाटत नाही. माझ्यावर धूळ बसते, पण सोइलाबाई मधूनमधून पदराने पुसतात. पोंचो गेला, त्याच्या वेळेने, उशीवर. त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं, तेव्हा आबेलदादाने टोपी काढली होती.

इनेसची मोठ्या जागी बदली झाली आणि तिच्या खुर्चीत व्लादिमिर नावाचा तरुण आला. पहिल्या संध्याकाळी तो अगदी ताठ आवाजात म्हणाला, "वरचं ठाणं, अहवाल द्या."

सोइलाबाईंनी अहवाल दिला. मग विचारलं, "आणि तू काय जेवलास, बाळा?"

त्याच ताठ आवाजात उत्तर आलं. "पाव आणि डब्यातली मासळी."

सगळ्या ठाण्यांवरून एकदमच हळहळ ऐकू आली. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे चीज, मका, आणि अर्थातच आबेलदादाचे बटाटे पोचले. संध्याकाळी सोइलाबाईंनी नव्या संचाचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "आता नीट ऐक. कधी ना कधी तुझ्या आवाजावर आम्हाला घर सोडावं लागेल, म्हणून तुला हे माहीत पाहिजे." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी त्याने बोलायला बटण दाबलं, पण आधी हसूच फुटलं आणि ते सगळ्या उताराने ऐकलं.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. तुमच्या गावातल्या तारा, मनोरे आणि माझ्यासारखे डबे यांना जपा. त्यांच्यावरची राख पुसा, कुलूप लावा, कवायतीला कुरकुर करत का होईना, पण जा. आणि संकट नसेल तेव्हाही एकमेकांना हाक मारत राहा, निदान चुलीवर काय आहे ते विचारायला तरी. सोइलाबाईंच्या दोन गाई आणि आम्हा सगळ्यांचे जीव त्या रिकाम्या बडबडीने राखले.

आणि तुम्ही इथपर्यंत ऐकलंत, तेव्हा माझी तार कुणी खाल्ली आणि त्याचं पुढे काय झालं, हे आता तुम्हालाही ठाऊक आहे. कधी या डोंगराकडे आलात आणि धुक्यातून आवाज दिलात, तर सोइलाबाई तुम्हाला तो प्रश्न विचारतील. बिनधास्त उत्तर द्या. दार उघडेल.